रोमहून एका दिवसात ओर्व्हिएतो बघायचंय, मोठं कॅथेड्रल सोडून तिथे अजून काय आहे?

भरपूर आहे, पण आधी एक सांगतो, कॅथेड्रल म्हणजे दुओमो घाईत उरकू नका. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि वरच्या सोनेरी मोझॅइककडेच बघत बसतात. ते मोझॅइक बरंचसं नंतरच्या शतकांत पुन्हा केलेलं आहे. खरा जीव आहे तो खालच्या चार खांबांवरच्या कोरीवकामात, कॅथेड्रलचा मुख्य वास्तुकार लोरेंझो माइतानीच्या काळातलं, म्हणजे 1310 नंतरचं, डावीकडे सृष्टीची उत्पत्ती, आदमच्या बरगडीतून ईव्ह वगैरे, आणि उजवीकडे टोकाला शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती मेलेल्यांना उठवून होणारा निवाडा. अगदी जवळ जाऊन बघा, चेहरे बघा!

आत उजव्या हाताला सान ब्रित्सिओ चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह आहे. चित्रकार फ्रा अँजेलिकोनं 1447 मध्ये काम सुरू करून अर्धवट सोडलं आणि पुढे लुका सिन्योरेल्लीनं 1499 ते 1504 मध्ये भिंती रंगवल्या. जमिनीतून वर येणारे मृतदेह, पापी लोकांची ती गर्दी... सिस्टीन चॅपेलमधलं मायकेलअँजेलोचं शेवटच्या न्यायाचं चित्र याच्यानंतर तीसेक वर्षांनी सुरू झालंय. अँटीख्रिस्टच्या, म्हणजे ख्रिस्ताचं सोंग घेणाऱ्या त्याच्या शत्रूच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यात सिन्योरेल्ली स्वतः उभा आहे, तो शोधाच.

आता बाकीचं. गाव उंच कड्यावर आहे, खाली स्टेशनसमोरून फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी ट्रेन थेट वर नेते आणि उतरलात की शेजारीच सान पात्रित्सिओची विहीर आहे, ती सकाळीच करून टाका. 1527 मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप क्लेमेंट सातवा इथे आश्रयाला आला, आणि गडावर पाणी नसेल तर वेढ्यात काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, म्हणून त्यानं ही पन्नासेक मीटर खोल विहीर खोदून घेतली. उतरायला एक गोल जिना, चढायला दुसरा, दोन्ही एकमेकांत गुंफलेले पण वाटेत कुठेच न मिळणारे, त्यामुळे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर येत नसत. पायऱ्या 248 आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून उतरा.

दुओमोसाठी दुपारनंतरची वेळ ठेवा, दर्शनी भिंतीवर तेव्हा ऊन येतं. मधल्या वेळात गावाच्या पार पश्चिम टोकाला सान जोवेनालेला चालत जा. 1004 सालचं, इथलं सगळ्यात जुनं चर्च, आत भिंतींवर आणि खांबांवर जुनी फिकट चित्रं, आणि बाहेर कड्यावरून खालची दरी. रोमहून एका दिवसासाठी आलेले लोक इतक्या लांब येतच नाहीत, मला तर गावातली सगळ्यात आवडती जागा हीच वाटते. वाटेत सान्त आंद्रेआचा बारा बाजूंचा टॉवर दिसेल, तो बाहेरून बघितला तरी चालेल.

जूनच्या आसपास जाणार असाल तर कॉर्पुस ख्रिस्ती, म्हणजे ख्रिस्ताच्या देहाच्या सणाची तारीख बघून घ्या. 1264 मध्ये पोप उर्बान चौथ्यानं हा सण सगळ्या चर्चसाठी इथूनच जाहीर केला, आणि मध्ययुगीन पोशाखातली मिरवणूक अजून निघते.