आधी पाण्याची भोकं मोकळी कर, मग स्टाइलचं बघू

बघ भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू खानापूरचा, नोकरीला शिझुओकात, आणि आता १९९२ ची युनोस रोडस्टर घेतलीस, म्हणजे माझदाची एमएक्स-५, पहिल्या पिढीची, डोळे वर येणारी. तुझं डोकं तीन ठिकाणी अडकलंय, जमिनीला टेकवून स्टान्स करू, का ट्रॅकची करू, का जुन्या इंग्लिश गाडीगत नटवू, आणि वर विचारलंयस की दादा पाच लाख येन आहेत, त्यात काय काय बसेल. शिवाय नवीन चाकं घातल्यापासून ८० च्या वर स्टेअरिंग थरथरतंय, ते वेगळंच.

मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कंपनीनं पाच वर्षं नागोयाला धाडलं होतं, तेव्हा मी बी हीच गाडी घेतली होती, लाल. त्यामुळं जे सांगतोय ते स्वतःचे पैसे घालवून शिकलेलं आहे.

पहिलं काम स्टाइलचं नाहीच. सीटच्या मागं, कापडी छत दुमडून जिथं बसतं तिथं दोन्ही कोपऱ्यात पाणी जायची भोकं असतात, छतावरचं पाणी त्यातनं खाली जातं. तीस वर्षांचा पालापाचोळा, धूळ, कापडाचे धागे तिथं बसून ती तुंबतात. तुंबली की पाणी दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत साठतं आणि पत्रा आतनं खातं, बाहेरनं रंग एकदम चकचकीत. मी हे न बघता आधी चाकं घेतली, चांगली महागाची. पावसाळा संपल्यावर मागच्या चाकाच्या पुढं उंबऱ्यावर एक फुगवटी दिसली, स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर पापडागत आत गेलं. बोट घातलं तर ओला चिखल निघाला. ते कापून नवीन पत्रा वेल्ड करायला चाकांपेक्षा जास्त गेले. तेव्हा आजच जा, प्लॅस्टिकची बारकी नळी घाल हळूहळू (लोखंडी तार खुपसू नकोस, आतली रबरी नळी फाटते), वरनं तांब्याभर पाणी ओत आणि गाडीखाली वाकून बघ पडतंय का. दोन्ही बाजूला पडायला पाहिजे.

इंजिनचं म्हणशील तर १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १६०० सीसीला क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं, तिथली चावी (पुली जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) झिजून पुली डुगडुगायची, तुझी ९२ ची आहे म्हणजे त्यातनं सुटलास. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचा कागद नसेल तर बदलून टाक, लाखभर किलोमीटरचं त्याचं आयुष्य.

आता स्टाइल. ही गाडी १९८९ ला आली तेव्हा ९४० किलोची होती, इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, आणि पुढं-मागं वजन जवळजवळ निम्मं निम्मं. १२० पीएसच पॉवर. म्हणजे हिची सगळी मजा हलकेपणात हाय, ताकदीत नाही. जपानी लोक याला जिनबा इत्ताई म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव. माझदानं २०१५ नंतरच्या चौथ्या पिढीत बी जपानातलं बेस मॉडेल ९९० किलोतच बसवलं, एवढे एअरबॅग आणि सेन्सर घालून. मी कुठल्याबी स्टाइलला एवढंच विचारतो की बाबा, हा हलकेपणा ठेवतोयस का घालवतोयस.

स्टान्स. मी नाक मुरडत नाही. आपल्याकडं चिकोडी-अथणीला ऊसाचे ट्रॅक्टर बघितलेस नव्हं, स्पीकर, गोंडे, लाइटी, सायलेन्सरला नळकांडं, मडगार्डवर पोरीचं नाव, त्या ट्रॅक्टरनं नांगरट चांगली होती असं कोण म्हणत नाही पण गल्लीत शिरला की सगळी बाहेर येतात. स्टान्स तसंच हाय. चाकं फतकल मारल्यागत वरनं आत झुकलेली, अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवलेला, फेंडर आणि रिममधे बोटभर फट. सफाईनं केलं तर त्यात बी कारागिरी आहे. पण पहिल्या पिढीत सस्पेन्शनला खाली दबायला जागा मुळातच कमी, थोडी खाली घेतलीस की शॉकअप रबरावर जाऊन ठोकतो आणि वळणावर खड्डा आला की मागची बाजू उडी मारती. मी लिलावातनं स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) घेतले होते, आठ महिन्यात दोन गळाले, आणि हाकोनेच्या घाटात रस्त्याच्या एका जोडावर गाडी अर्धा हात सरकली तेव्हा माझा स्टान्स तिथंच उतरला. करायचंच असेल तर दुसऱ्या पिढीचे, म्हणजे १९९८ नंतरच्या गाडीचे वरचे माउंट लाव, तुझ्या गाडीला बसतात आणि शॉकअपला खेळायला जागा जास्त मिळती. आणि शाकेन, म्हणजे जपानातली सक्तीची गाडी तपासणी, विसरू नकोस, जमिनीपासून ९ सेंटिमीटर पाहिजेच, रिम फेंडरच्या बाहेर आलेली चालत नाही. दर दोन वर्षांनी सगळं काढून परत घालत बसणारी मंडळी मी बघितल्यात, त्यांच्या बायकांना विचार.

ट्रॅकवाली म्हणजे उलटं टोक. कार्पेट काढ, स्टेपनी काढ, रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) घाल, चांगले ब्रेक पॅड, चिकट टायर. अमेरिकेत या गाडीला मियाटा म्हणतात, तिथं तर स्पेक मियाटा म्हणून अख्खा रेसिंग क्लास याच गाड्यांचा आहे, सगळ्यांचे भाग सारखे, म्हणजे पैसा नाही ड्रायव्हर जिंकतो (निदान म्हणतात तरी तसं). टोकियोच्या पलीकडं त्सुकुबा आहे, २ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, या गाडीच्या मापाचा. महिन्यातनं एकदा तरी जाणार असशील तर कर. वर्षातनं एकदा जाऊन उरलेले ३६४ दिवस कडक सस्पेन्शनवर भाजी आणायला जाणार असशील तर पाठीचा डॉक्टर आधी शोधून ठेव. रोल बार मात्र ट्रॅकला जा नाहीतर नको जाऊ, घालच. पहिल्या पिढीत उलटली तर डोक्यावर कापडाशिवाय काही नाही.

टर्बोचा मोह होईल. १६०० ला मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअर) बारका आहे, ६ इंची, जास्त टॉर्क दिलास की तोच आधी जातो, मग १८०० चा ७ इंची शोध, मग क्लच, मग रेडिएटर, असं करत गाडीच्या किमतीच्या दुप्पट. अमेरिकेत यात व्ही८ घालणारे लोक आहेत, काही तर बॉडी काढून टाकतात आणि नुसता पाइपचा सांगाडा, एक्सोसेट म्हणतात त्याला, त्यावर बसून फिरतात. जपानात मित्सुओका कंपनीनं एमएक्स-५ घेऊन तिच्यावर वेगळीच बॉडी चढवून गाड्या काढल्या, लांबलचक नाकाची हिमिको, आणि रॉक स्टार म्हणून एक जुन्या कॉर्व्हेटगत दिसणारी. बघायला मजा येते, मला एक फेरी दिली तर नाही म्हणणार नाही. रुंद फेंडरचे किट घालणारे बी असतात, पण त्याला मूळ फेंडर कापायला लागतो. तीस वर्षांच्या गाडीचा पत्रा कापायला मला हिंमत नाही झाली आणि तू बी करू नकोस.

राहिली जुन्या इंग्लिश वळणाची, आणि इथं माझं मन आहे, लपवत नाही. मुळात गाडीच १९६० च्या दशकातल्या लोटस एलानसारख्या छोट्या रोडस्टरांवरनं सुचलेली. माझदानं स्वतः १९९० ला व्ही-स्पेशल काढली, गडद हिरवा रंग, आत टॅन लेदर, नार्दीचं लाकडी स्टेअरिंग आणि लाकडी गिअर नॉब. १९९१ ला एम२ १००१ काढली, कॅफे रेसर वळणाची, फक्त ३००. म्हणजे या स्टाइलला कंपनीचाच हात लागलाय, त्यामुळं ती अंगाला बसती. यात काही कापायला लागत नाही, वजन वाढत नाही, आणि काढलेलं सगळं खोक्यात भरून ठेवता येतं. खोकं टाकू नकोस हां! २०१७ ला माझदानं स्वतःच पहिल्या पिढीच्या गाड्या रिस्टोअर करून द्यायचं जाहीर केलं, बंद झालेले भाग परत काढले, ब्रिजस्टोननं त्या काळचा १४ इंची एसएफ३२५ टायर सुद्धा परत काढला, म्हणजे मूळ वस्तूला किंमत आलीय. तिथं मूळ अ‍ॅशट्रे शोधत फिरणारी माणसं हायत.

तुझ्या थरथरीचं. चाकं आठ पाकळ्यांची वातानाबे टाइपची घेतलीस, १०० मिलिमीटरवर ४ बोल्ट, ते बरोबर. पण गाडीचा हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो मधला गोल, ५४.१ मिलिमीटरचा आणि बाहेरच्या कंपन्यांच्या चाकाचं मधलं भोक बऱ्याचदा ७३ चं असतं, म्हणजे मधे जवळजवळ १९ ची पोकळी. टायरवाला म्हणेल नट कोनाचे आहेत, चाक आपोआप मधे येतं, ते खोटं नाही. पण गाडी खाली सोडून एका बाजूनं आवळत गेलास तर चाक केसभर सरकूनच बसतं. आधी चाक हवेत असताना समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळून बघ. तरी थांबलं नाही तर मधे रिंग पाहिजे.

मागं एका दोस्ताला मी अशा चार रिंगा करून धाडल्या होत्या. आता उद्यमबागेत दोन लेथ टाकून बसलोय, अ‍ॅल्युमिनियमचा गोल बार होता. आमचा टर्नर मूळचा कडोलीचा, त्यानं पहिली रिंग काढली आणि मला म्हणाला मालक, ही बांगडी कुणाची? बाहेरनं ७३ टिच्चून, आतनं ५४.१ टिच्चून, व्हर्निअरवर बघून जीव खूश झाला. दोस्तानं हबवर घातली ती निघेचना, कारण हबवर गंजाचा थर होता आणि मी जागाच सोडली नव्हती. दुसऱ्या खेपेला बाहेरनं ७२.९ केली, आतनं बी केसभर जागा सोडून कड किंचित उतरवली आणि बजावलं की हब पॉलिश पेपरनं घास, रिंगेला ग्रीसचं बोट लाव, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकाला धरतात.

पैशाचं. पाचातले दोन रबरात घाल, म्हणजे सगळे बुश आणि चांगले टायर. तीस वर्षांचे बुश बदललेस की तुला वाटेल दुसरीच गाडी आणलीस. एक रोल बारला, एक बेल्ट-पाण्याचा पंप-ब्रेक होज यांना. उरलेल्या एकात स्टेअरिंग, नॉब, आरसे, काय नटवायचं ते नटव.

आणि तुझ्या चुलतभावानं टिळकवाडीत स्विफ्टला हेच करायचं ठरवलंय म्हणालास, त्याला सांग इथं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर नाही असा बदल सापडला तर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद सुद्धा होऊ शकते. चाकं आणि टायर कंपनीच्या मापात ठेव म्हण, सायलेन्सरला हात लावू नको म्हण. गाडी गावाकडं आणायचं स्वप्न तू बी सोड, तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी सहसा आयात करू देत नाहीत. मला बी वाटलं होतं चोर्ला घाटातनं एकदा छत उघडून न्यावी.

हबचं आणि चाकाच्या भोकाचं माप व्हर्निअरनं घेऊन पाठव, टेप लावून घेतलेलं नको. तीन ठिकाणी मोज, जुना हब गोल असेलच असं नाही. दिवाळीला घरी येशील तेव्हा रिंगा तयार असतील.