विदर्भात कोरडवाहू वावरात सौर पंप घेणं परवडतं का? आमच्याकडे ४ एकर आणि एक विहीर आहे.

वीज जोडणी नसेल तर घ्याच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, ५ एकरापर्यंत ५ एचपी, म्हणजे तुम्हाला ५ एचपीचा बसेल. ५ वर्षं दुरुस्तीची हमी असते, कागद जपून ठेवा.

जोडणी आधीच असेल तर गणित बदलतं. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे, त्यामुळे बिल वाचवायला सौर घेण्यात अर्थ नाही. खरा फायदा दिवसा ओलित करण्याचा. रात्री दोन वाजता लाईन येते म्हणून हरभऱ्यात बॅटरी घेऊन उभं राहणं, त्यात साप, रानडुक्कर आणि जंगलालगत असाल तर वाघसुद्धा. आमच्या यवतमाळकडे हे नुसतं सांगायला नसतं!

एक गैरसमज: आपल्याकडे ऊन जास्त म्हणून मे महिन्यात पंप जास्त चालेल, असं नाही. पॅनल तापले की वीज उलट थोडी कमी बनते. धूळ बसली की आणखी कमी. सकाळी गार असतानाच पुसा, तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

आणि पाणी फुकट उपसता येतं म्हणून दिवसभर पाट सोडू नका. विहीर हिवाळ्यातच तळ गाठेल. आधी ठिबक, मग पंप.