नाग नदीच्या पाणलोटाचं मॉडेल करतोय. उतार महत्त्वाचा की जमिनीचा खडबडीतपणा?

पाणी कुठे जाणार हे उतार ठरवतो, पण नागपूरसारख्या सपाट शहरात ते किती वेगानं पोचणार हे खडबडीतपणावर जास्त अवलंबून असतं. मॅनिंगच्या सूत्रात (उघड्या पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं सूत्र) वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उतार चौपट केला तरी वेग जेमतेम दुप्पट. खडबडीतपणाचा गुणांक दुप्पट केला की मात्र वेग सरळ अर्ध्यावर. काँक्रीटच्या नाल्याला तो ०.०१५ च्या आसपास धरतात, झुडपं माजलेल्या पात्राला ०.०५ किंवा त्याहूनही जास्त. पूर यायची वेळ किती हलेल ते बघा!

आधी उंचीचा नकाशा तपासा, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. एसआरटीएमच्या (अवकाशातून रडारनं मोजलेल्या उंचीच्या नकाशाच्या) ३० मीटरच्या चौकटीत अंबाझरी तलावाखालचं अरुंद पात्र नीट उमटत नाही. पूल आणि इमारती बांधासारख्या आडव्या येतात आणि प्रत्यक्षात नसलेली तळी मॉडेलमध्ये साचतात. पात्राची रेघ नकाशात कोरून घ्या, म्हणजे तिथली उंची कमी करा, मगच प्रवाह काढा.

एक अट: काळ्या मातीच्या भागात पहिला पाऊस बराचसा भेगांतच जिरतो, ऑगस्टपर्यंत माती फुगून भेगा मिटतात. तेव्हा दोन्ही काळांना पाणी मुरण्याचा एकच दर देऊ नका.