लँडस्केपसाठी वाइड लेन्सच घ्यायला हवी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आठ दिवसांची सहल आहे, डोंगर आणि तळी बघायची आहेत. हातात एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. (हे आकडे म्हणजे फोकल लेंथ: लहान आकडा रुंद दृश्य घेतो, मोठा लांबचं जवळ आणतो.) आणखी एकच लेन्स घेणं जमेल, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘लँडस्केप ना? मग १०-१८ घे, डोळे मिटून.’

मी म्हणेन, डोळे उघडे ठेवा आणि ५५-२५० च्या आसपासची एखादी हलकी टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घ्या. अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण आधी माझी फजिती सांगतो, कारण हे मत तिथूनच आलंय.

डोंगरातल्या पहिल्या मोठ्या सहलीला मी पाठीवर ओझं नको म्हणून फक्त १०-१८ घेऊन गेलो होतो. पहाटे तळ्याकाठी जाऊन बसलो. समोरच्या शिखराच्या टोकावर ऊन पडलं, नुसत्या टोकावर, खाली सगळं अजून निळं-काळं. असा उजेड जेमतेम पाच मिनिटं टिकतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर तळ्याचा समुद्र झालेला, वर आभाळच आभाळ, आणि ज्याच्यासाठी साडेचारला उठलो ते शिखर मधोमध मुंगीच्या वारुळाएवढं. झूमची रिंग १८ पर्यंत फिरवली, तिथे ती अडली, तरी मी उगाच आणखी फिरवून बघत होतो. शेजारी एक गृहस्थ ट्रायपॉडवर लांबडी लेन्स लावून निवांत उभे होते. त्यांनी स्क्रीन दाखवली. शिखराची धार, खाचेत अडकलेला बर्फ, त्या बर्फावर पडलेली सावली, सगळं त्यात होतं. मी मात्र पाण्याचे चाळीस फोटो घेऊन परतलो.

हे असं का होतं त्याचं गणित अगदी सोपं आहे, लेन्स घेण्याआधी एकदा करून बघाच. सेन्सरवर एखादी लांबची वस्तू किती उंच उमटेल? वस्तूची उंची भागिले तिचं अंतर, गुणिले फोकल लेंथ. पायथ्यापासून १००० मीटर उंच असलेला डोंगर १० किलोमीटरवर असेल तर भागाकार येतो एक दशांश. म्हणजे १० मिमीला तो सेन्सरवर १ मिमी उंच उमटणार. तुमच्या सेन्सरची उंची साधारण १६ मिमी. एवढा मोठा डोंगर फ्रेमच्या सोळाव्या हिश्श्यात! तोच ५५ ला साडेपाच मिमी, म्हणजे फ्रेमचा एक तृतीयांश. १०० ला १० मिमी, फ्रेम छान भरली. २५० ला तो मावणारच नाही, पण तेव्हा तुम्हाला अख्खा डोंगर नकोच असतो, त्याची एखादी सोंड किंवा कड्यावरून घसरणारा ढग हवा असतो. चंद्राचंही तसंच: सेन्सरवर त्याचा व्यास फोकल लेंथच्या साधारण ११० वा भाग. १० मिमीला तो जवळपास ठिपकाच.

आपण प्रत्यक्ष उभे असतो तेव्हा हे जाणवत नाही. डोळा शिखर तेवढं उचलतो, बाकीचं मागे सारतो. लेन्स असा भेदभाव करत नाही. ती समोरचं सगळं सारखंच आत घेते.

मग वाइड लेन्स कशासाठी? जवळच्या वस्तूसाठी. नेमकं हेच कोणी सांगत नाही. ‘सगळं मावावं’ म्हणून वाइड लावली की फोटोत काहीच उरत नाही. वाइड लावायची ती गुडघे टेकून, एखाद्या दगडाच्या अगदी समोर जाऊन. तळ्याच्या काठावर २० सेंमी उंचीचा, शेवाळलेला, अर्धा पाण्यात बुडलेला दगड धरा. त्याच्यापासून ४० सेंमीवर १० मिमीची लेन्स आणली तर तो सेन्सरवर ५ मिमी उंच येतो आणि मागचा डोंगर १ मिमी. दगड डोंगराच्या पाचपट! आता फोटोत खोली आली: पुढे ओला दगड, मध्ये पाणी, लांब डोंगराची रेघ. यासाठी ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) एफ/८ ठेवा आणि फोकस सुमारे ६५ सेंमीवर लावा. ३३-३४ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प मिळतं. पण हे करताना विजार भिजते आणि पाठ धरते. रोज असे फोटो काढण्याचा उत्साह तुमच्यात आहे का, ते तुमचं तुम्ही ठरवा. नसेल तर १०-१८ बॅगेत पडून राहील.

आता माझा मुख्य मुद्दा. रुंदपणा तुमच्याकडच्या लेन्समधून बनवता येतो, लांबचा पल्ला बनवता येत नाही. १० मिमीला आडव्या फ्रेममध्ये साधारण ९९ अंश रुंदी मावते. तुमची १८-५५ घ्या, १८ वर ठेवा, कॅमेरा उभा धरा. एका फ्रेममध्ये सुमारे ४७ अंश रुंदी येते. एक तृतीयांश भाग एकमेकांवर चढेल अशा बेताने डावीकडून उजवीकडे तीन फोटो काढले की जोडल्यावर जवळजवळ १०९ अंश होतात. उंची थोडी कमी मिळते, ७६ च्या जागी ६६ अंश, पण फोटो जास्त मेगापिक्सेलचा. एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअलवर ठेवायचं, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढायचा, पहिल्या फोटोत फोकस लावून ऑटोफोकस तिथेच बंद करायचा, नाहीतर जोडाच्या ठिकाणी आभाळात पट्टे येतात. उसळत्या लाटा, वाऱ्याने हलणारं गवत किंवा अगदी जवळचा खडक असेल तर जोड फसतो. डोंगर-तळ्यांच्या लांबच्या दृश्याला सहसा फसत नाही.

उलट दिशेने जाऊन बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ५५ वर काढलात आणि २०० मिमीएवढा दिसावा म्हणून क्रॉप केलात तर हातात दोन मेगापिक्सेलसुद्धा राहत नाहीत. फोनवर पाठवायला चालेल, भिंतीवर लावायला नाही.

अजून एक गोंधळ आधीच निस्तरून टाकतो. ‘लँडस्केपला १६-३५ सर्वोत्तम’ असं तुम्ही वाचलं असेल तर ते आकडे फुल-फ्रेमचे, म्हणजे तुमच्यापेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे असतात. एपीएस-सीवर दीडने गुणायचं, कॅननच्या बाबतीत १.६ ने. म्हणजे तुमची १८-५५ ही फुल-फ्रेमच्या भाषेत साधारण २७-८२. वाइड तुमच्याकडे आधीच आहे, फक्त अतिवाइड नाही.

एफ/२.८ सारख्या मोठ्या ॲपर्चरच्या मागे लागू नका. त्या वर्गातली ७०-२०० फुल-फ्रेम लेन्स एक ते दीड किलो भरते, एपीएस-सीसाठी बनलेल्या साध्या ५५-२५० सारख्या लेन्स ४०० ग्रॅमच्या आगेमागे. लँडस्केपचे बहुतेक फोटो एफ/८ ला काढायचे असतात, तिथे दोघींतला फरक ओळखायला मला भिंग लागतं. आणि एफ/८ वरून पुढे एफ/१६, एफ/२२ कडे जाण्याचा मोहही टाळा. एपीएस-सीवर एफ/११ नंतर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळाच फोटो थोडा मऊ पडू लागतो. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे अमेरिकन छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं होतं, तो दाखला लोक हमखास देतात. त्यांचे कॅमेरे मोठ्या फिल्मचे होते हे मात्र विसरतात. ८ बाय १० इंचाच्या फिल्मवरचं एफ/६४ म्हणजे डेप्थ ऑफ फील्डच्या (जवळपासून लांबपर्यंत किती शार्प येतं त्याच्या) हिशेबात फुल-फ्रेमवरचं जेमतेम एफ/९.

टेलिझूमची स्वतःची दुखणी आहेत, ती लपवत नाही. हात हलला की फोटो गेला. २५० ला हातात धरून काढताना शटर स्पीड निदान १/४०० सेकंद ठेवा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर यापेक्षा कमीवरही भागतं, आणि घेताना ते असलेलीच घ्या. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० झाला तर होऊ द्या, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा. दुसरं, दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचा डोंगर टिपायला गेलात तर हवा थरथरते आणि फोटो शार्प येतच नाही. लेन्सला दोष देऊन ती परत करणारे लोक मी पाहिलेत. तोच डोंगर सकाळी सातला टिपा. आणि धुकट हवेला घाबरू नका. एकामागे एक फिकट होत गेलेल्या डोंगररांगा लांब लेन्सने घट्ट बांधून घेतल्या की जो फोटो मिळतो, तो वाइडने मिळत नाही.

लेन्सच्या पुढे लावायच्या फिल्टरमध्ये पोलरायझर (चकाकी कमी करणारी काच) तेवढा घ्या. पाण्यावरची चकाकी आणि ओल्या पानांवरचा पांढरटपणा नंतर कॉम्प्युटरवर नीट काढता येत नाही. तो एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, हे लक्षात असू द्या. गंमत म्हणजे इथेही अतिवाइड अडचणीत येते: पोलरायझरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे १० मिमीच्या रुंद आभाळात मधेच गडद निळा डाग उमटतो. घेण्याआधी दोन्ही लेन्सच्या पुढच्या कडेवरचा फिल्टरच्या मापाचा आकडा बघा. वेगळा असेल तर मोठ्या मापाचा एकच फिल्टर घ्यायचा आणि लहान लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी जोडकडी) लावायची.

आता अपवाद. तुमच्या वाटेत अरुंद घळी, दाट जंगल, गुहा, जुन्या वास्तूंची आतली दालनं असतील तर माझं उत्तर उलटं करा. तिथे मागे सरकायला जागा नसते, पाठ भिंतीला टेकलेली असते, तेव्हा १०-१८ ला पर्याय नाही. अख्ख्या आकाशगंगेसाठीही वाइडच, आणि तिथे एफ/२.८ खरोखर कामाला येतो. अर्थात एक-दोनच रात्री ताऱ्यांसाठी असतील तर किट लेन्स १८ वर, सगळ्यात मोठं ॲपर्चर, १५-१८ सेकंद, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा दगडावर टेकवलेला. फार सुंदर नाही, पण आठवणीपुरतं येतं.

कुठलीही लेन्स घ्या, निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर आधी घ्या, गच्चीवरून समोरच्या इमारतीचे फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट आणि बाकी तीन ठीक असतील तर आतल्या काचा तिरक्या बसल्या असण्याची शक्यता असते, बदलून मागा. भाड्याने मिळत असेल तर आणखी उत्तम: दोन्ही एकेक दिवस वापरा आणि मग ठरवा.

आणि हे सगळं वाचूनही मन १०-१८ कडेच ओढत असेल तर एक काम करा. गेल्या सहलीतले तुमचे सगळ्यात आवडते पन्नास फोटो काढा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ किती ते बघा. कॅमेरा चालू केला की झूम बहुधा १८ वरच असतो, त्यामुळे १८ वर सहज काढलेले फोटो धरू नका, ज्यांच्यासाठी तुम्ही थांबून विचार केला होता तेवढेच मोजा. त्यातले बरेचसे ५५ वर असतील तर तुम्हीसुद्धा माझ्यासारखेच अडलेली रिंग फिरवत होता. बरेचसे १८ वर असतील आणि प्रत्येकात पुढे काहीतरी जवळचं असेल, दगड, फूल, होडीचं टोक, तर १०-१८ घ्या, माझं ऐकू नका. मोजून झालं की आकडे इथे खाली लिहा, मलाही बघायचेत.