ईएसएक्सआय ६.७ वरून ८ वर जावं की प्रॉक्समॉक्स घ्यावं?

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारं व्हीएमवेअर ईएसएक्सआय ६.७ जुन्या सर्व्हरवर नीट चालतंय, मग त्याचंच ८ घ्यावं की त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर प्रॉक्समॉक्स, असं तुम्ही विचारलंत. आधी सांगा, तुमचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे सर्व्हरच्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, कोणतं आहे? हे न विचारता जो सल्ला देईल त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या शहरातून आलेला असो.

वणी भागातल्या एका जिनिंगचं संगणकाचं काम मी पाहतो. एकाच सर्व्हरवर वजनकाट्याचा प्रोग्राम, अकाउंट आणि शेतकऱ्यांच्या पेमेंटचा हिशोब. दसरा झाला, कापूस यायला लागला आणि नेमका तेव्हा नागपूरहून व्हेंडरचा माणूस ७.० टाकायला हजर. मी म्हटलं, ७.० पासून जुने व्हीएमकेलिनक्स ड्रायव्हर काढून टाकलेत, आपलं कार्ड त्याच ड्रायव्हरवर चालतं, हंगाम होऊ द्या. तो मालकांसमोर मला म्हणाला, "खेड्यातले लोक नव्याला भेता बाप्पा तुम्ही." मालकांनी मान डोलावली.

असमर्थित हार्डवेअरची सूचना पडद्यावर आली, ती त्याने एंटर दाबून पुढे ढकलली. मशीन सुरू झालं, पण डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइलींची जागा, गायब. बाहेर ट्रॅक्टर रांगेत आणि काट्याचा आकडा वहीत लिहून हाताने पावत्या फाडणं सुरू.

७.० बूट डिस्कची मांडणीच बदलतं, त्यामुळे तिथून ६.७ वर परत येता येत नाही. पण व्हीएम होत्या रेडच्या डिस्कवर आणि ईएसएक्सआय होतं पेनड्राइव्हवर. मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर ६.७ टाकलं, डेटास्टोअर लगेच दिसला. एकेका व्हीएमची व्हीएमएक्स (सेटिंगची) फाइल रजिस्टर केली. व्हीएम पहिल्यांदा सुरू करताना ते विचारतं, हलवली की कॉपी केली? हा गडी 'कॉपी' दाबायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. कॉपी म्हटलं की व्हीएमचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलतो, आणि काट्याच्या प्रोग्रामचं लायसन्स मॅकला बांधलेलं. रात्रीतून काटा सुरू झाला.

म्हणून भिण्याची गोष्ट माझ्यासमोर कोणी काढू नये.

आता तुमचं. ८ वाईट नाही, नवा सर्व्हर असेल तर उत्तम चालतं. पण २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतल्यावर कायमचं लायसन्स बंद झालं. आता वर्गणी, तीही कोअरवर, आणि एका प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरतात. तुमचे ८ कोअरचे दोन प्रोसेसर असले तरी पैसे ३२ कोअरचे. एका-दोन सर्व्हरच्या जिनिंगला किंवा पतसंस्थेला हे परवडत नाही, आणि परवडलं तरी देऊ नये असं माझं मत.

प्रॉक्समॉक्सच्या खाली डेबियन लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम आहे. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे, आणि जुनी रेड कार्डं लिनक्स बहुतेक ओळखतं. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआयवरच्या व्हीएम थेट ओढून घ्यायची सोयही आहे. विंडोजच्या व्हीएममध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर (केव्हीएमच्या आभासी डिस्क आणि नेटवर्कसाठीचे) आधीच टाकून ठेवा. डिस्क स्वतःच सांभाळणारी झेडएफएस फाइल सिस्टीम हवी असेल तर मात्र रेड कार्ड एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क थेट दाखवणाऱ्या मोडमध्ये, लागेल.

आणि हो, ६.७ वरच राहायचं असेल तर त्याचा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ लाच संपलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले जुने ईएसएक्सआय सर्व्हर गाठून फाइली कुलूपबंद केल्या होत्या, दोन वर्षं आधी पॅच निघालेल्या भोकातून. मॅनेजमेंटचं पोर्ट बाहेर अजिबात उघडू नका, बॅकअप वेगळ्या मशीनवर ठेवा. स्नॅपशॉट (त्याच डिस्कवर जपलेली व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे. शंभर-दोनशे व्हीएम आणि त्या चालू असताना इकडून तिकडे हलवायची रोजची सवय असेल, तर व्हीएमवेअर सोडायची घाई करू नका.

व्हेंडर कोणताही असो, रेड कार्ड आणि नेटवर्क कार्ड सुसंगततेच्या यादीत तपासलं आहे, हे कोटेशनवर लिहून घ्या. आणि काम हंगाम संपल्यावरच, उन्हाळ्यात.