दमट हवेत मुरुमांची काळजी

बडोद्यात पावसाळा तोंडावर आला की चेहरा सतत चिकट वाटू लागतो आणि तो दिवसातून चार-पाच वेळा साबणाने धुण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण अशाने त्वचा कोरडी पडून चुरचुरते, मुरुमे मात्र कमी होत नाहीत. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश आणि एरवी घाम आल्यावर साधे पाणी पुरेसे आहे. स्कूटरवरून दांडिया बाजारात जाताना तोंडाला गुंडाळलेली ओढणी रोज धुतलेली असावी, याकडे सहसा कुणाचे लक्षच जात नाही.

औषध एका वेळी एकच सुरू करावे. मुरुमांचे जंतू मारणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचेच घ्यावे. तीव्रता वाढवल्याने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते, शिवाय उशीच्या रंगीत अभ्र्याचा रंग उडतो तो वेगळाच. ॲडापलीन, म्हणजे बंद झालेली रोमछिद्रे मोकळी करणारे लावायचे औषध, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच लावावे आणि परिणामासाठी ८ ते १२ आठवडे धीर धरावा. गरोदरपणात ते टाळावे. कुणीतरी सुचवलेली स्टेरॉइडमिश्रित गोरेपणाची क्रीम चुकूनही लावू नये. कपाळावर एकसारखे, खाजणारे बारीक पुरळ असेल तर ते बुरशीचेही असू शकते, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नवरात्रात गरब्याहून कितीही उशिरा परतलात, तरी मेकअप उतरवल्याशिवाय झोपू नये.