बीपीची गोळी चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन: बाबांना चक्कर का येते

ताई, तुम्ही लिहिलंय की सुदामानगरला राहणाऱ्या तुमच्या बाबांना, वय ७१, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० कितीतरी वर्षांपासून चालू आहे. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दोन वेळा सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी उठताना चक्कर आली, बीपी ९६/५८. अँटिबायोटिकमुळे असं होतं का?

होऊ शकतं, आणि आज रात्रीची अ‍ॅम्लोडिपिन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. तिन्ही औषधांची नावं आणि हे रीडिंग सांगा. अँटिबायोटिक मनाने बंद करू नका, बदलायचं की बीपीची गोळी काही दिवस थांबवायची, ते त्यांना ठरवू द्या.

मी इंदूरला दवा बाजाराजवळ मेडिकलच्या काउंटरवर ३२ वर्षं काढली. गिऱ्हाईक बहुधा नुसतं ‘अँटिबायोटिक’ म्हणतं, तुम्ही नाव लिहिलंत म्हणून नेमकं सांगता येतंय. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी३ए४, अडवून धरतं. अ‍ॅम्लोडिपिनचा निचरा करणारं एन्झाइम तेच. मग गोळी रोजचीच, ५ ची, पण रक्तात साठत जाते आणि काम मोठ्या डोसाचं करते. मुळातच तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. म्हणूनच चक्कर पहिल्या दिवशी न येता तिसऱ्या दिवशी आली, आणि अँटिबायोटिक संपल्यावरही दोन-चार दिवस जपावं लागेल. कॅनडात वयस्क रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यात अशा जोडीने बीपी उतरून किंवा मूत्रपिंडाला इजा होऊन दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण अ‍ॅझिथ्रोमायसिन हे त्याच गटातलं दुसरं अँटिबायोटिक घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. प्रमाण एकूणात कमीच होतं, पण ७१ व्या वर्षी बाथरूममध्ये तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. अ‍ॅझिथ्रो हे एन्झाइम फारसं अडवत नाही, मात्र हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, तेव्हा तेही परस्पर आणू नका.

ताप, जेवण कमी, जुलाब, यांनीही बीपी उतरतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टन मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं का, तेही विचारा. वरचा आकडा ९० च्या खाली गेला, बाबा असंबद्ध बोलू लागले, लघवी कमी झाली, दम लागला, किंवा ओठ सुजून अंगावर गांधी उठल्या, तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

बीपी उतरलं की आपल्याकडे पोह्यांवर जास्तीचं जिरावण, म्हणजे खारट मसाला, आणि शेव घालून देतात. प्रेमापोटीच देतात, पण रक्तात साठलेली गोळी मिठाने निघत नाही.

हे एवढ्या तळमळीने लिहितोय कारण माझ्या आईचं असंच झालं. कंबरेसाठी एका डॉक्टरांनी टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध दिलेलं, लघवीच्या इन्फेक्शनसाठी दुसऱ्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. दोन वेगळ्या चिठ्ठ्या, दोन वेगळी दुकानं. ही जोडी एकत्र द्यायचीच नसते. पहाटे ती मोरीत कोसळली, वरचा आकडा ७०. वाचली. पण दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या, मीसुद्धा नाही.

उलटंही होतं. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर घालवतं आणि बीपी चढतं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असताना सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी घेतली तरी चढू शकतं.

बाबांचं बीपी आधी बसून आणि मग उभं राहून एक मिनिटाने मोजा, दोन्ही आकडे इथे लिहा. आणि ते कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेतात का? घेत असतील तर त्याच फोनमध्ये डॉक्टरांना सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन त्यांचाही निचरा अडवतं, आणि त्याने स्नायूंना इजा होऊ शकते.